मार्शे ओ श्वो : जळगावच्या फ्रेंच वर्गातल्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीनंतरचा पहिला वर्ग. वरच्या खोलीत पंखा बंद ठेवून बसता येईल इतकी हवा आता उतरली आहे. सातही जण आले: बारावीच्या दोघी, भुसावळचा हॉटेल मॅनेजमेंटचा मुलगा, पाचोऱ्याची नर्स, रावेरकडचा केळीवाला भाऊ, विद्यापीठात मराठीत एम.ए. करणारी मुलगी आणि नाना.

नाना अमळनेरहून रेल्वेने येतात. पोस्टातून निवृत्त झाले, वय ६८. मुलगी-जावई फ्रान्सला, ‘ल मां’ नावाच्या शहरात. सहा वर्षांच्या नातवाला मराठी समजतं, पण उत्तर तो फ्रेंचमध्येच देतो. म्हणून नाना शिकताहेत, दुसरं कारण नाही.

दिवाळीत फोनवर काय झालं ते त्यांनी आज सांगितलं. ते नातवाला म्हणाले, ‘ज व्हे आ ल मां.’ मी ल मांला जाणार. नातू म्हणाला, ‘नों, ओ मां!’ नानांना वाटलं पोरगं आईला हाक मारतंय. त्यांनी फोन मुलीकडे द्यायला सांगितला. पोरगं पुन्हा ओरडलं, ‘ओ मां, ओ मां!’ दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि फोन मात्र बंद करावा लागला.

नातू त्यांचं व्याकरण सुधारत होता. फ्रेंचमध्ये ‘आ’ (ला, कडे, त) आणि पुल्लिंगी उपपद ‘ल’ (नामाआधी येणारा, इंग्रजीतल्या the सारखा शब्द) शेजारी आले की वेगळे राहत नाहीत, त्यांचं ‘ओ’ होतं. शहराच्या नावातच ‘ल’ असला तरी तो सुटत नाही. ल मां, पण ओ मां. ल आव्र, पण ओ आव्र. कैरोला फ्रेंचमध्ये ल केर म्हणतात, तर कैरोला जाणं म्हणजे ओ केर.

ही गोष्ट ऐकल्यावर ठरवलं, आठ आठवडे फक्त यावर काम करायचं. याला फ्रेंचमध्ये आर्तिक्ल कॉन्त्राक्ते म्हणतात. वर्गात आम्ही ‘चिकटलेली उपपदं’ म्हणणार. शेवटी हातात एक सरावसंच हवा, आपल्या भागातले शब्द घेऊन केलेला.

नियम एवढाच:
आ + ल = ओ
आ + ले = ओ (उच्चार तोच, लिहिताना शेवटी एक्स)
द + ल = द्यू
द + ले = दे
स्त्रीलिंगी ‘ला’ आणि स्वराआधीचा तोडका ‘ल’ चिकटत नाहीत: आ ला गार (स्टेशनला), आ ल’एकोल (शाळेत), द ला गार, द ल’एकोल.

फळ्यावर लिहायला चार मिनिटं लागली.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिला सरावकागद दिला. गाळलेल्या वीस जागा. सगळ्यांना १६ च्या वर, बारावीच्या दोघींना २० पैकी २०.

मग कागद उलटे ठेवायला सांगितले आणि एकेकाला विचारलं, ‘तू व्हा ऊ?’ कुठे चाललास? सातांपैकी सहा जण ‘आ ल मार्शे’ म्हणाले. वीस पैकी वीसवालीसुद्धा. कागदावर हात बरोबर चालतो, पण तोंड उघडलं की दोन शब्द सुटे बाहेर पडतात. मार्शे म्हणजे बाजार, शब्द पुल्लिंगी. तेव्हा ‘ओ मार्शे’ यायला हवं होतं.

हा दोष मुलांचा नाही, कागदाचा आहे. गाळलेली जागा भरताना नाम आधीच छापलेलं असतं, कंसात ‘आ + ल’ दिलेलं असतं, बेरीज तेवढी करायची. बोलताना ती बेरीज करायला वेळ कुठे असतो?

१३ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस एकच विचार डोक्यात. मराठी माणसाला ‘आ ल’ ऐकताना फ्रेंच कानाला काय होतं ते कळलं पाहिजे. दुपारी भाकरी थापताना सुचलं: ‘मी ला’.

लहान मूलही ‘मी ला भूक लागली’ म्हणत नाही. ‘मी’ आणि ‘ला’ शेजारी आले की ‘मला’. ‘तो’ला ‘ने’ लावायचा तर ‘तोने’ नाही, ‘त्याने’. आपण हे कधी पाठ केलं? कोणी सांगितलंही नाही. आईच्या तोंडून ‘मला’ पूर्णच्या पूर्ण आलं, आपण पूर्णच्या पूर्ण उचललं. ‘मी अधिक ला’ ही फोड शाळेत गेल्यावर कळली, तीही परीक्षेपुरती.

म्हणजे संच उलटा बांधायचा. आधी ‘ओ मार्शे’ हा एकच शब्द असल्यासारखा द्यायचा. चित्र पाहायचं, ‘ओ मार्शे’ म्हणायचं. ‘ल मार्शे’ नंतर. फोड सगळ्यात शेवटी.

१७ नोव्हेंबर, रविवार

‘मी ला’ फळ्यावर लिहिलं तेव्हा खोलीत हसू फुटलं. मी म्हटलं, ‘आ ल मार्शे’ ऐकून ल मांमधल्या त्या पोराला अस्संच वाटलं असेल. नाना गप्प झाले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढचं मात्र मी ठरवलेलं नव्हतं. केळीवाला भाऊ म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे मला नाही म्हणत, मले म्हणतात.’ नर्स म्हणाली, ‘आमच्याकडे माले.’ नाना अहिराणीत बोलले, ‘माले भूक लागनी.’ आणि लगेच म्हणाले, ‘ताई, पण यांचा ले आणि आपला ले!’

फ्रेंचमध्ये ‘ले’ हे अनेकवचनी उपपद. अहिराणीत ‘ले’ हा ‘ला’चा प्रत्यय. आवाज जवळपास एकच, काम पूर्ण वेगळं. नानांनी ते एका वाक्यात बसवलं: ‘आपला ले मांगे लागस, त्यासना ले पुढे लागस.’

हे वाक्य जसंच्या तसं संचाच्या पहिल्या पानावर जाणार. आपल्या बोलीत घरमा, घरना, माले; नाम आधी, नाते मागून येऊन चिकटतं. फ्रेंचमध्ये नातं पुढे उभं राहतं आणि उपपदाला चिकटतं, नाम जसंच्या तसं राहतं. तीन पानांत मी जे समजावणार होते ते इथे संपलं.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. वर्गात आजवर कोणी अहिराणी किंवा लेवा बोली बोललं नव्हतं. माझ्याशी सगळे पुस्तकी मराठी बोलतात. आज दहा मिनिटं खोलीत तीन प्रकारचं खान्देशी चाललं होतं आणि त्या दहा मिनिटांत फ्रेंच सगळ्यात जास्त समजलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फोनवर ४० तुकडे ध्वनिमुद्रित केले. बाहेर बोअरवेलची गाडी चालू होती, १२ पुन्हा करावे लागतील.

२४ नोव्हेंबर, रविवार

नकाशाचा दिवस. ड्रॉइंग पेपरवर जळगाव काढलं: स्टेशन, फुले मार्केट, मेहरूण तलाव, पोस्ट, देऊळ, बँक, दवाखाना. वर उत्तरेला तापी, पश्चिमेला गिरणा.

आज ‘द’ची बाजू घेतली, कारण पत्ता सांगताना ती हटकून लागते. प्रे द (जवळ), आ कोते द (शेजारी), आं फास द (समोर). प्रे द्यू मार्शे, आं फास द ला बांक, आ कोते द ल’ओपिताल.

‘द्यू’चा उच्चार खरा अडसर. आपण ‘दू’ म्हणतो, नाहीतर ‘ड्यू’. ओठ ‘ऊ’साठी गोल करायचे आणि आत जीभ ‘ई’ म्हणते तशी पुढे ठेवायची. आरसा फिरवला. नर्सला पहिल्या झटक्यात जमलं. पेशंटला ‘आ करा’ सांगून सांगून तिला तोंडाच्या आतलं नीट ठाऊक असावं. हे तीन आवाज वेगळे झाले नाहीत तर पुढचं सगळं फुकट: ‘द’, ‘द्यू’, ‘दे’. अर्धा तास तेवढंच केलं.

नद्यांपाशी मजा आली. फ्रेंचमध्ये समुद्राला मिळणारी मोठी नदी म्हणजे फ्लव्ह, दुसऱ्या नदीला मिळणारी ती रिव्हिएर. फ्लव्ह पुल्लिंगी, रिव्हिएर स्त्रीलिंगी. तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, म्हणून ती फ्लव्ह. गिरणा तापीला मिळते, म्हणून रिव्हिएर. तेव्हा तापीकाठी म्हणजे ‘ओ बोर द्यू फ्लव्ह’ आणि गिरणाकाठी म्हणजे ‘ओ बोर द ला रिव्हिएर’. एकाच शब्दगटात दोन्ही रूपं शेजारी शेजारी, तीही रोजच्या पाहण्यातल्या नद्यांवर. बारावीच्या एकीने विचारलं, मग वाघूर? वाघूर तापीला मिळते. द ला रिव्हिएर. पूर्णा? तीही. पुढची पंधरा मिनिटं पोरं जिल्ह्यातल्या नद्या शोधत होती आणि दर वेळी ‘द्यू’ की ‘द ला’ ते ठरवत होती. हे मी सरावपत्रिकेत कधीच लिहिलं नसतं.

तापीला पुल्लिंगी शब्द लावायचा हे नानांच्या जिवावर आलं. ‘ती मायच शे,’ म्हणाले. मी म्हटलं, तिचं नाव बदलत नाही, फक्त जात सांगणारा शब्द पुल्लिंगी आहे. त्यांनी मान हलवली, पण वहीत तापीसमोर कंस करून ‘माय’ लिहिलेलं मी पाहिलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

कापूस वेचणी जोरात आहे. केळीवाल्या भावाकडे थोडी कपाशीही आहे, तो उशिरा आला, हाताला बोंडांचे ओरखडे. बसताना कण्हला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, ‘जे माल...’ आणि अडकला.

धडा तिथूनच सुरू केला. जे माल ओ दो: पाठ दुखते. ओ दां: दात. आ ला तेत: डोकं. आ ल’एपोल: खांदा. नर्सने सूत्रं हातात घेतली. ती पेशंट तपासणार, बाकीचे दुखणं सांगणार. ‘ऊ आव्हे-व्हू माल?’ कुठे दुखतंय? ‘ओ जनू’ म्हटलं तर एक गुडघा की दोन्ही? कानाला फरकच कळत नाही. ‘ओ’ एकवचनी आणि ‘ओ’ अनेकवचनी आवाजात अगदी एक आहेत. कागदावर एक्स दिसतो, तोंडातून येत नाही.

पुढे स्वर आला तर मात्र तो एक्स ‘झ’ होऊन जागा होतो: ओ झोरेय, कानांना. ओ झांफां, मुलांना. हे सगळ्यांना आवडलं. लपलेलं अक्षर पुढच्याचा हात धरून बाहेर येतं, असं एम.ए.वाली म्हणाली.

१ डिसेंबर, रविवार

अति झालं. तीन आठवडे ‘ओ, ओ, ओ’ केल्यावर आज भुसावळचा मुलगा ‘शो मेदसां’ म्हणाला. त्याला ‘शे ल मेदसां’ म्हणायचं होतं, डॉक्टरकडे. त्याने ‘शे’ आणि ‘ल’ही चिकटवून टाकले.

चिकटतात ते फक्त दोन: आ आणि द. शे, दां (आत), स्यूर (वर), पूर (साठी) यांना ते लागू नाही. दां ल शां, शेतात. याचं वेगळं पान हवं. आणि एक बाब: डॉक्टरकडे जाणं म्हणजे ‘ओ मेदसां’ नाही. माणसाकडे जायचं तर शे, जागेला जायचं तर आ. मराठीत आपण शाळेत, स्टेशनवर, डॉक्टरकडे अशी तीन रूपं वापरतो. त्यातला ‘कडे’ जिथे येतो तिथे बहुतेक वेळा ‘शे’ येतं, हा आधार मुलांना पुरेसा वाटला.

दुसरा अपवाद एम.ए.वालीने स्वतः शोधून आणला. तिच्या वाचनात आलं: ‘ज कॉमांस आ ल लीर.’ इथे आ आणि ल शेजारी असून चिकटलेले नाहीत. कारण हा ‘ल’ उपपद नाही, सर्वनाम आहे: मी ‘ते’ वाचायला लागते. पुढे क्रियापद आलं की समजायचं, हा ल ‘तो-ते’वाला आहे, याला हात लावायचा नाही. तिची तपासणी मी संचात तिच्या शब्दांत घेतली: ‘ल’च्या पुढे नाम की क्रियापद?

माणसांच्या नावांतला ‘ल’ही चिकटत नाही. चंदीगडची आखणी करणारा ल कॉर्ब्यूझिए. त्याच्या इमारती म्हणजे ‘द ल कॉर्ब्यूझिए’, ‘द्यू कॉर्ब्यूझिए’ नाही. शहराचं नाव चिकटतं, माणसाचं नाही.

७ डिसेंबर, शनिवार

‘द्यू’ने आज डोकं उठवलं. ‘द्यू पां’ या दोन शब्दांत दोन अर्थ. ‘ज मांज द्यू पां’: मी (थोडा) पाव खातो. ‘ज पार्ल द्यू पां’: मी पावाबद्दल बोलतो. पहिलं प्रमाण सांगणारं उपपद, दुसरं आपलं चिकटलेलं. रूप एकच.

वेगळं करायचा भरवशाचा उपाय नकाराचा. नकार केला की पहिल्याचं ‘द’ होतं: ‘ज न मांज पा द पां’. दुसरं हलत नाही: ‘ज न पार्ल पा द्यू पां’. मुलांना हे इतकं पटलं की ते प्रत्येक वाक्याला नकार देऊ लागले. ‘दे’लाही हेच लागू.

खेळ आणि वाद्यं पटकन झाली: खेळाला आ, वाद्याला द. झुए (खेळणं, वाजवणं) ओ क्रिकेत, झुए ओ कार्त (पत्ते), झुए द्यू पियानो, झुए द ला फ्ल्यूत (बासरी).

८ डिसेंबर, रविवार

केळीवाल्या भावाच्या शेतावर भरीत. वर्ग तिकडेच.

पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) जाळ, त्यावर हिरवी-पांढरी जाडजूड वांगी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. भाऊ हे सांगताना छाती फुगवून सांगतो आणि त्याला तो हक्क आहे. साल काळी पडून फुटली की आतला गर वाफेने फसफसतो. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल. सोबत कळण्याची भाकरी.

वांग्याला फ्रेंचमध्ये ओबेर्झीन. बारावीच्या धाकटीने जोरात वाचलं: ‘ओ बेर्झीन’. आणि विचारलं, मॅडम, बेर्झीन म्हणजे काय? तिला वाटलं हेही आ अधिक ल.

उत्तर ‘नाही’, पण तिचा प्रश्न मला सोडवेना. हा शब्द फ्रेंचमध्ये कातालान भाषेतून आला, तिथे अरबीतून आला, अरबीत फारसीतून. अरबी रूप ‘अल-बाधिंजान’. त्यातला ‘अल’ हे अरबीचं उपपद! कातालान लोकांनी ते नामासकट उचललं, अल्बेर्झीनिया. फ्रेंचमध्ये त्या ‘अल’चा ‘ओ’ झाला. म्हणजे शब्दाच्या तोंडाशी एक उपपद चिकटलेलं आहे हे पोरीने बरोबर हेरलं होतं, फक्त ते फ्रेंच नव्हतं. तिला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातला घास हातातच राहिला.

आता शब्द आख्खा ओबेर्झीन, स्त्रीलिंगी, स्वराने सुरू होणारा: ल’ओबेर्झीन, आ ल’ओबेर्झीन.

पदार्थांतले ‘ओ’ भुसावळच्या मुलाने सांगितले, त्याला मेनूकार्डं पाठ आहेत: काफे ओ ले (हा ‘ले’ म्हणजे दूध), पां ओ शोकोला, तार्त ओ पॉम. ‘ज्यात ते घातलंय’ असा अर्थ. शेवटच्यात सफरचंदं अनेक, म्हणून एक्स. पुरणपोळी काय म्हणायची यावर वाद झाला आणि निकाल न लागताच जेवणं झाली.

१२ डिसेंबर, गुरुवार

रात्री जुन्या फ्रेंचचं वाचत बसले. ‘ओबेर्झीन’मुळे. अल चा ओ झाला तो कसा, हे नीट कळल्याशिवाय रविवारी वर्गासमोर उभं राहवणार नाही.

जुन्या फ्रेंचमध्ये आ आणि ल मिळून ‘आल’ होतं. पुढे व्यंजन आलं की हा ‘ल’ जिभेवर विरघळायचा आणि ‘उ’ व्हायचा: आल, आउ, पुढे ओ. म्हणून ओ मार्शे. पुढे स्वर असेल तर ‘ल’ टिकून राहायचा, म्हणून आजही आ ल’ओपिताल. आणि स्त्रीलिंगी ‘ला’मध्ये ‘ल’च्या मागे त्याचा स्वतःचा स्वर आहे, त्यामुळे त्याला झिजायचं कारणच नव्हतं. द आणि ल मिळून झालेल्या ‘देल’चं तसंच देउ आणि मग द्यू. जो नियम मी ९ तारखेला फळ्यावर पाच ओळींत लिहिला, त्याचं एकच कारण निघालं.

आणखी एक जोडी त्याच झिजेतून आली: श्वाल म्हणजे घोडा, अनेकवचन श्वो. अनेकवचनात ‘ल’पुढे ‘स’ यायचा, मग ‘ल’चा ‘उ’. शेवटचा एक्स कुठून आला तर लेखनिकांच्या हातून. हस्तलिखितांत ‘उस’ या शेवटासाठी ते एक्ससारखी खूण करायचे. पुढे लोक ती खूण विसरले आणि ‘उ’ पुन्हा लिहायला लागले, एक्सही राहिला. मोडीतले संक्षेप पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

वाचता वाचता थांबले, कारण हे आपण रोज ऐकतो. शाळा, शाया. डोळा, डोया. केळी, केयी. जळगाव, जयगाव. खान्देशी जिभेने ‘ळ’चा ‘य’ केला, फ्रेंच जिभेने ‘ल’चा ‘उ’. त्या झिजेला तिथे प्रमाण व्याकरण म्हणतात, परीक्षेत तिचे मार्क मिळतात. आपल्याकडे ‘शाया’ म्हणणाऱ्या पोराला उभं करून दहा वेळा ‘शाळा’ म्हणायला लावतात. मला स्वतःला लावलं होतं, चौथीत. घरी येऊन आजीशी दोन दिवस बोलले नव्हते, कारण ती ‘शाया’ म्हणायची.

१५ डिसेंबर, रविवार

सारंगखेडा. काल दत्तजयंती झाली, यात्रा सुरू. पहाटे निघालो, अमळनेरला नानांना घेतलं, दोंडाईचामार्गे तापीचा पूल ओलांडला. पूल ओलांडताना गाडीतून एकसुरात, ‘ओ बोर द्यू फ्लव्ह!’

एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि घोडेबाजारात शिरलो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे. धुळीत, चाऱ्याच्या वासात वर्ग घेतला. घोडेबाजाराला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. दोन शब्द दिले, मार्शे आणि श्वाल, आणि म्हटलं जोडा.

नर्स म्हणाली, ‘मार्शे आ ले श्वाल?’ मग स्वतःच, ‘नाही, ओ श्वाल.’ मग भाऊ, ‘अरे घोडे खूप आहेत ना, श्वो.’ आणि मग सगळे: मार्शे ओ श्वो.

मी बुधवारी-गुरुवारी वाचलेलं तिथेच सांगितलं. ओ मधला ‘ल’ गेला, श्वो मधलाही ‘ल’ गेला, दोघांनी शेवटी तोच एक्स घेतला. आणि मग शाया, डोया, जयगाव. एम.ए.वाली माझ्याकडे बघतच राहिली. घरी लेवा, बाहेर प्रमाण, अशी ती वाढलेली. म्हणाली, ‘मॅडम, माझी आई केयी म्हणते म्हणून मी मैत्रिणींना घरी आणायचे नाही.’ एवढंच बोलली. नर्सने तिचा हात धरला.

मराठीची घडण कशी झाली यावरचा एक पायाभूत ग्रंथ झ्यूल ब्लोक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९२० मध्ये प्रसिद्ध केला, मुळात फ्रेंचमध्ये. तो मुळातून वाचायचा म्हणून ती वर्गाला येते, हे तिने आज सांगितलं. दोन वर्षं लागतील. लागू देत.

नानांनी एका नुकऱ्याचा फोटो काढून नातवाला पाठवला.

२२ डिसेंबर, रविवार

संच जुळला. १२० कार्डं. पुढे चित्र, मागे आख्खं रूप (ओ मार्शे), त्याखाली बारीक अक्षरांत सुटं नाम (ल मार्शे). फोड कुठेच नाही, ती शेवटच्या पानावर एकदाच. पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रंग द्यायचे होते, ते रद्द केले. मुलं रंग पाहून उत्तर देतात, शब्द पाहून नाही, हे मागच्या शनिवारी दिसलं.

क्रम असा ठेवला: जागा, दुखणी, खेळ आणि वाद्यं, पत्ते सांगणं, देश. देशांत आं आंद, भारतात, स्त्रीलिंगी म्हणून ओ नाही. ओ झापों, जपानमध्ये. ओ झेताझ्यूनी, अमेरिकेत, अनेकवचन. ओक्येल-द्यूक्येल ही पुढची रूपं या संचात नाहीत.

२९ डिसेंबर, रविवार

पुन्हा १० नोव्हेंबरचा प्रश्न, कागद न देता, न सांगता, चहा पिताना. तू व्हा ऊ? सातांपैकी सहा जण नीट बोलले. भुसावळचा मुलगा ‘आ ल...’ म्हणून थांबला आणि स्वतः दुरुस्त झाला. मला ते थांबणं बरोबर उत्तराइतकंच मोलाचं वाटतं. त्याच्या कानाला आता ‘आ ल’ टोचायला लागलं आहे.

श्रुतलेखनात ओ आणि एक्सवाला ओ अजून गळतो. पाच वाक्यांत सरासरी दोन चुका. जानेवारीत त्यावर वेगळं काम.

५ जानेवारी २०२५, रविवार

नाना आज लवकर आले, चहाही नको म्हणाले. काल फोन झाला. मेमध्ये जायचं ठरलंय, तिकीट मुलगी काढते आहे. त्यांनी नातवाला सांगितलं, ‘ज व्हिएं ओ मां आं मे.’

मी विचारलं, मग तो काय म्हणाला?

‘काहीच नाही. लगेच विचारलं, ए ल श्वाल?’ आणि घोडा?

संचातलं कार्ड ४१ बदलायचं आहे, ‘ओ झांफां’च्या चित्रात एकच मूल आलं आहे.